शेवंतीवरची राख

मखमलाबाद, नाशिक
२३ ऑक्टोबर १९९६

विहीणबाई लताताई,

नमस्कार. घरी सगळे खुशाल आहेत असं लिहून सुरुवात करायची असते, पण आमच्याकडे कोणी खुशाल नाही, म्हणून ते लिहीत नाही. मी सातवी पास आहे. माझं अक्षर लागलं नाही तर भारतरावांकडून वाचून घ्या, ते कारकून आहेत.

मे महिन्यात तुमच्या प्रतिभाला आम्ही सून करून आणली. तेव्हा मांडवात चार बायकांसमोर तुम्ही म्हणालात, आमच्या मुलीला काही शिकवावं लागणार नाही. मी नवनाथच्या वडिलांना तेव्हाच म्हटलं होतं, एवढी खात्री भांड्यांचा दुकानदारसुद्धा देत नाही. आता ऐका. तुमच्या मुलीला चुलीतली राख काढता येत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पांढरी शेवंती तोडून, पाट्या भरून, ओल्या फडक्याखाली रात्रभर पडवीत ठेवली होती. पहाटे टेम्पो दारात आला. फडकी काढली. तेवढ्यात बाईसाहेब सुपलीत कोरडी राख शिगोशीग भरून, ती छातीइतकी उंच धरून, पडवीतून वाऱ्याच्या तोंडावर निघाल्या. पुढचं सांगायला नको. शेवंती धुता येत नाही, पाकळी काळी पडते. बापलेक एकेक फूल झटकत बसले. टेम्पो फुलबाजारात पोचला तोवर बाजार भरून वाहत होता आणि आमच्या मालाकडे बघून व्यापारी हसत होते.

ही काही पहिली वेळ नाही. याआधी राख पाण्याच्या हंड्यात पडली, एकदा माझ्या अंथरुणावर पडली. राख काढणं ही काय मोठी विद्या आहे? सकाळी चूल पेटवायच्या आधी बोटांनी पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, ओतलं तर चूल तडकते. खाली निखारा जिवंत असतो, तो आधी बाजूला घ्यायचा. डबा चुलीच्या तोंडाला टेकवायचा आणि पत्र्याने राख आत ओढायची, वरून टाकायची नाही. मग ओलं फडकं घालून मागच्या दाराने बाहेर. आमच्या गोठ्यातल्या म्हशीला एवढं सांगितलं असतं तर एव्हाना तिलाही जमलं असतं.

दिवाळसणाला लेक आणि जावई तुमच्याकडे येतील. जावई परत पाठवा. लेक राख काढायला शिकली की पाठवा. आम्हाला घाई नाही.

सुलाबाई सावळीराम काकड


देवळाली कॅम्प
२८ ऑक्टोबर १९९६

सुलाबाईंना लता आहेर हिचा नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. अक्षर लागलं. अर्थ लागायला वेळ लागला, कारण कुणी बाई राखेवर दोन पानं लिहील असं वाटलं नव्हतं.

प्रतिभा बी. कॉम. झालेली आहे. मुलगी बघायला आलात तेव्हा तुम्ही तिला वेणी करायला लावलीत, पाच माणसांच्या स्वयंपाकाला किती तांदूळ लागतील ते विचारलंत, चालून दाखव म्हणालात. राखेचा प्रश्न तुमच्या परीक्षेत नव्हता. आमच्याकडे सगळं गॅसवर चालतं, आंघोळीचं पाणीसुद्धा. चूल तिने शाळेच्या सहलीत पाहिली असेल तर असेल. फुलांच्या पाट्या आणि चूल एकाच पडवीच्या दोन टोकांना ठेवायच्या आणि मग वाऱ्यावर चिडायचं, ही कुठली रीत? गॅसला नंबर लावलाय असं तुम्ही साखरपुड्यात सांगितलं होतं. तो नंबर कुठल्या सालात लावलाय, तेही एकदा कळवा.

राहिलं लेकीला इकडे ठेवून घ्यायचं. आमची घरं ओळीने आहेत. समोर सुभेदारांच्या बायका राहतात, त्यांना दिवसभर दुसरं काम नाही. जावई दिवाळीला आला आणि एकटाच परत गेला, हे बघायला सगळी ओळ दारात उभी राहील. मग मुलीला नांदवत नाहीत हे माझ्याआधी त्यांना माहीत असेल. मला एकच मुलगी आहे. जोडीने येतील आणि जोडीनेच परत जातील. राखेसाठी कोणी संसार मोडत नाही, निदान आमच्याकडे तरी नाही.

लता भारत आहेर


मखमलाबाद
४ नोव्हेंबर १९९६

विहीणबाई,

तुम्हाला भीती वाटली ते बरं झालं. थोडी आधी वाटली असती तर मुलीला दोन गोष्टी शिकवल्या असत्या.

ठेवून घेऊ नका. पाठवा परत. आमचा नवनाथ दोन दिवस बायकोशिवाय राहिला तर चहाची साखर कुठे असते तेही त्याला सुचायचं नाही. तो काही फार हुशार नाही हे मी आई असून सांगते.

तुमचं पत्र आल्यावर मी मोठं मन केलं आणि तिला शेवटची संधी दिली. पिंकीला, म्हणजे माझ्या मुलीला, शेजारी उभी केली, पाण्याचा तांब्या दिला, पत्रा दिला. म्हटलं, आता काढ. विहीणबाई, पाणी शिंपडलं ते चुलीबाहेर, पत्रा गेला चुलीत कोरडा, आणि राख उडाली ती थेट भाकरीच्या पिठाच्या परातीत. पिंकी खोकत बाहेर पळाली. तुमची लेक डोळे मिचकावत मला म्हणते, "आत्याबाई, माझ्या हाताला ते जमतच नाही हो." बी. कॉम.च्या हाताला.

म्हणून तीन दिवस झाले, तिला चुलीपासून उठवली आहे. चुलीवर आता मी. तिला पहाटे अंधारात शेवंती तोडायला लावली आहे, थंडीत, दवात. बोटं बधिर होतात. चार दिवसांत पाया पडत येते की नाही बघा. नाही आली तर मग जुड्या बांधायच्या, पाट्या उचलायच्या. माझ्या सासूने मला याच कामाला लावलं होतं आणि मी तिसऱ्या दिवशी रडले होते. तुमची मुलगी अजून रडलेली नाही. उलट भाकरी जास्त खाते. लाजसुद्धा तुम्ही शिकवलेली दिसत नाही.

सुलाबाई


देवळाली कॅम्प
२० नोव्हेंबर १९९६

सुलाबाई,

दिवाळी पार पडली. जावई माणूस चांगला आहे. तुम्ही म्हणता तसाच आहे, पण चांगला आहे.

प्रतिभाला पाहून मला धक्का बसला. चेहरा रापलेला, बोटं हिरवी, नखांत चीक. भाऊबीजेला कुंदनला ओवाळताना तिचे हात बघून समोरच्या सुभेदारीणबाई मला म्हणाल्या, "काय हो, मुलगी शेतावर दिली का?" प्रतिभालाच विचारलं की बाई गं, तुझं तिकडे काय चाललंय, तर म्हणाली, "बरं चाललंय." आणि झोपली. माहेरी आलेली मुलगी आईजवळ दोन शब्द बोलून रडत नाही, म्हणजे तिच्या मनावर केवढा दाब असेल. मला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

सून चुलीपासून उठवणं म्हणजे काय ते तुम्हाला कळतं आणि मलाही कळतं. घरात जिचा चुलीवर हात, तिचा घरावर हक्क. आज तुम्ही तिला चुलीवरून उठवलंत, उद्या पिंकीचं लग्न झालं की प्रतिभाला विचारणारं घरात कोणी राहणार नाही. ती मजूर होईल, सून राहणार नाही. तिला परत स्वयंपाकघरात घ्या. ही विनंती आहे. मी विनंती फारशी कुणाला करत नाही, तुमच्यासारख्यांना तर नाहीच.

लता


मखमलाबाद
२७ नोव्हेंबर १९९६

विहीणबाई,

तुमची विनंती वाचली. उशीर झाला.

नवनाथच्या वडिलांची कंबर धरली आहे, उठता येत नाही. टेम्पोबरोबर नवनाथ एकटा जाऊन भागत नाही, एक जण पाट्यांजवळ लागतो. तर सोमवारपासून तुमची लेक जाते. पहाटे टेम्पोत पाट्यांमध्ये बसते आणि फुलबाजारात जमिनीवर गोणपाट टाकून, माल पुढे मांडून बसते. आमच्या घराण्यातली बाई आजवर बाजारात बसली नव्हती. मी ताकीद देऊन पाठवलं, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, बोलायचं ते नवनाथने. पहिल्या दिवशी नवनाथ घरी आला. विचारलं तर म्हणतो, "आई, मला काही बोलायलाच लागलं नाही." ज्या व्यापाऱ्याने दसऱ्याला आमच्या मालाला नाक मुरडलं होतं, त्याच्याशी म्हणे ती भांडली. आणि आता तो तिला ताई म्हणतो. निर्लज्जपणा बघा.

आणि मनावर दाब म्हणता. संध्याकाळी ओसरीवर बसून तिथल्या गोष्टी सांगते. कोण हार कसा बांधतो, कोण मापात कसा मारतो, गजऱ्यांचा माल कुठे जातो. आमचे हे कण्हत कण्हत ऐकतात आणि हसतात. एवढं हसताना मी त्यांना कैक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी तिला हात धरून परत चुलीपुढे बसवणार नाही. उन्हाने तोंड काळं होऊ द्या, लोकांचे शब्द कानावर पडू द्या. आपण होऊन म्हणेल, आत्याबाई, चूल बरी होती. तोवर तिची शिक्षा चालू आहे.

सुलाबाई


देवळाली कॅम्प
२ डिसेंबर १९९६

सुलाबाई,

तुमचं पत्र वाचलं. माझी मुलगी रस्त्यावर गोणपाट टाकून बसते. मी तिला कधी कोपऱ्यावरच्या दुकानात एकटी पाठवली नाही. प्रतिभाचे वडील म्हणतात की जाऊन घेऊन येऊ. मी म्हटलं, थांबा, आधी त्या बाईचं तोंड बंद करते.

आता तुम्हाला खरं सांगते. आमच्याकडे आंघोळीचं पाणी गॅसवर तापत नाही. मागच्या अंगणात तांब्याचा बंब आहे, माझ्या सासूबाईंचा. कॅम्पात सगळ्यांकडे गीझर आले म्हणून मी तुम्हाला ते सांगितलं नव्हतं, आणि दिवाळीत जावई आले तेव्हा बंबावर चादर टाकली होती. तो बंब लहानपणापासून प्रतिभा पेटवत होती आणि त्याची राखही तीच काढत होती. माझ्या कमरेच्या ऑपरेशननंतर तर रोज. सगळी ओळ झोपलेली असायची, ही एकटी उठायची. जाळीखालची राख भिजवून, तव्याएवढ्या पत्र्यावर अलगद ओढून, फडक्याखाली झाकून परसात न्यायची. दोरीवर पांढरे कपडे वाळत असायचे, त्यांच्यावर कधी कण पडला नाही. मिलिटरीच्या बायका माझ्याकडे येऊन म्हणायच्या, तुमच्या मुलीचा हात काय हलका आहे. तुम्ही म्हशीचा दाखला दिलात. राख काढण्यात माझ्या मुलीचा हात धरणारी बाई तुमच्या सबंध मखमलाबादेत नसेल, तुम्ही धरून.

तेव्हा दोष तिच्या हाताचा नाही, तुमच्या चुलीचा आहे, किंवा तुमच्या कटकटीचा. दिवाळीत मी तिला म्हटलंही होतं की तुझ्या सासूला बंबाचं सांगते. तर मला म्हणाली, "आई, तिकडे बंबाचं काही बोलू नकोस." माझ्यासारखीच तिलाही त्या जुन्या बंबाची लाज वाटली असेल. पण आता लाजेचं काय राहिलंय? तिला तिची चूल परत द्या.

लता


मखमलाबाद
९ डिसेंबर १९९६

विहीणबाई,

मी तुम्हाला आजवर गर्विष्ठ समजत होते. तुम्ही भोळ्या आहात. हे जास्त वाईट आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि फडताळात ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद होता. सगळे बाहेर गेल्यावर प्रतिभाला चुलीपुढे बसवलं आणि म्हटलं, "तुमच्या बंबाची काढायचीस तशी काढ." तिने पदर खोचला. पाण्यात बोटं बुडवून असं शिंपडलं की राख जागेवर बसली. दोन निखारे वेचून बाजूला ठेवले. डबा टेकवला, पत्रा फिरवला, फडकं टाकलं. विहीणबाई, मी समोर पांढरं लुगडं नेसून बसले होते. मी बत्तीस वर्षं राख काढते आहे, मला असं जमलेलं नाही.

मी विचारलं, "मग इतके दिवस हा तमाशा कशासाठी?"

ती म्हणाली, "लग्न होऊन आले त्याच महिन्यात मी तुम्हाला विचारलं होतं, मी यांच्यासोबत बाजारात जाऊ का. तुम्ही काय म्हणालात?"

मी म्हणाले होते, आपल्यात बायका बाजारात बसत नाहीत, चूल सांभाळ. मला आठवलं.

"चूल नीट सांभाळली असती तर जन्मभर तिथंच बसवलं असतं तुम्ही. आईनं तेच केलं. एकदा राख चांगली काढली, म्हणून रोज मीच. कुंदन झोपलेला असायचा, त्याला कोणी उठवलं नाही. हलका हात म्हणून कौतुक करायचे सगळे. मला नको होतं ते कौतुक."

मी म्हटलं, "आणि दसऱ्याची शेवंती?"

तेव्हा मात्र तिचे डोळे भरले. म्हणाली, "मला अंगणात थोडी सांडायची होती. वारा एवढा असेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मला लय वाईट वाटलं आत्याबाई, पण सांगू कुणाला?"

आता मला काय वाटलं ते सांगते. राग आला. माझ्या परातीत, माझ्या अंथरुणात जाणूनबुजून राख. हात उगारला होता. पण रागापेक्षा हेवा जास्त वाटला. शेवंती मी लावते, मी खुरपते, मी तोडते, आणि ती जिथं विकली जाते ती जागा मी अजून पाहिलेली नाही. मखमलाबादहून फुलबाजार कितीसा लांब आहे? मलाही कधीतरी जावंसं वाटलं होतं. पण राख नीट काढायची नाही, हे काही सुचलं नाही.

मी शिक्षा समजत होते आणि ती एकेक पायरी चढत होती. आणि तुम्ही, तिच्या बाजूने भांडता भांडता, तिचं सगळं मला लिहून दिलंत. तिने एवढं बजावूनसुद्धा.

चूल तिला परत मिळणार नाही. ती बाजारात जाईल, ह्यांची कंबर बरी झाली तरी जाईल. लोक बोलतील त्यांना मी बघून घेईन, तेवढं तोंड मला आहे. राख मी काढीन. तुम्ही तिला घ्यायला येऊ नका. आलात तर ती येणार नाही आणि तुमची सगळी ओळ ते बघेल.

सुलाबाई


देवळाली कॅम्प
२० डिसेंबर १९९६

सुलाबाई,

तुमच्याविषयी माझं मत होतं तेच आहे. तुम्ही उद्धट आहात आणि तुम्हाला पत्र लिहायची रीत नाही. पण हे तुम्हाला नाही सांगितलं तर दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

तुमच्या पत्रावर माझा विश्वास बसला नाही. स्वतःचा जाच झाकायला तुम्ही पोरीच्या तोंडी काहीही घालाल असं वाटलं. बुधवारी घरी सांगितलं, मार्गशीर्षातल्या गुरुवारची फुलं आणते, आणि पहाटेच्या बसने निघाले. नाशकात शालिमारच्या थांब्यावर उतरून चालत गेले. फुलबाजारात एवढी गर्दी असते हे मला माहीत नव्हतं. मी कोपऱ्यावरून शेरभर फुलं घेऊन परत येणारी बाई.

दिसायच्या आधी ती ऐकू आली. कुणाला तरी म्हणत होती, "दादा, माल बघून बोला, सकाळी तोडलाय, दव आहे अजून त्याच्यावर." मी आवाजाच्या दिशेने गेले. पदर डोक्यावर नव्हता, कमरेला खोचलेला होता. तुमची ताकीद तिने ऐकलेली नाही हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. जावई मागून पाट्या काढून देत होते, ही मोजत होती, बांधत होती, बोलत होती, एका बाईशी हसत होती आणि दुसरीला दटावत होती. मी पुढे उभी राहिले तर मान वर न करता म्हणाली, "मावशी, थोडं बाजूला व्हा, मागं पाट्या उतरतायत." मी बाजूला झाले.

मग तिने पाहिलं. क्षणभर घाबरली. मी तिला घ्यायला आले आहे असं तिला वाटलं. माझ्या मुलीला मला बघून भीती वाटली, हे मी लिहून ठेवते, म्हणजे मला विसरता येणार नाही. मी म्हटलं, "उद्याच्या पूजेला शेवंती हवी होती." तिने ओंजळ भरून दिली, माझ्यासाठी एक पाटी पालथी घातली आणि म्हणाली, "आई, बस. गर्दी ओसरली की बोलू."

गर्दी ओसरली नाही. मी ऊन चढेपर्यंत तिथे बसले होते. कुणी ओळखीचं दिसेल म्हणून सुरुवातीला तोंड फिरवून बसले, मग तेही विसरले.

तुम्हाला ती रोज तशीच दिसत असेल, म्हणून तुम्हाला त्यात काही विशेष वाटणार नाही. पण सुलाबाई, ती ओरडत होती. बाजाराच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. एकवीस वर्षं ती माझ्या घरात इतकं हळू बोलायची की मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, आमच्या मुलीचा आवाजच लहान आहे.

लता